पंचगंगेचा समुद्र

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की आधी विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या शहराला हे आकडे शिकवावे लागत नाहीत. त्या पाण्याबरोबर काय वाहून चाललंय, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

(दृश्य: जयंती नाल्यावरचा पूल)

हा जयंती नाला, भर शहरातून जाणारा. काठाला बघा: कॅरीबॅगा, गुटख्याच्या पुड्या, शांपूचे पाऊच, लग्नातले थर्माकोलचे द्रोण. उन्हाळाभर हे इथंच पडून असतं. एक दणदणीत वळीव झाला की सगळं पंचगंगेत.

समुद्र म्हटलं की आपली गाडी गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जाते. पंचगंगा तिकडं जात नाही. ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि पूर्वेची वाट धरते. कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, आणि हजार किलोमीटरच्याही पुढं हंसलदीवीजवळ बंगालचा उपसागर. आपल्या कचऱ्याचा समुद्र तो.

आता कुणी म्हणेल, वाटेत अलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम, नागार्जुनसागर आहे. आपली बाटली तिथवर कशाला पोचतेय? बरोबर आहे. बरंचसं वाटेतच अडकतं. पण उन्हानं प्लास्टिक कडक होतं, तडकतं, त्याचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरपेक्षा बारीक झालं की ते सूक्ष्म प्लास्टिक, आणि धरणाच्या दारातून पाणी सुटलं की त्यातलं काही पुढं निघतं. जे जात नाही ते आपल्याकडंच राहतं. पूर ओसरल्यावर उसाच्या फडात शिरून बघा, पाल्याला काय काय लटकलेलं असतं.

(दृश्य: बंधारा, बरगे, मागं साचलेलं केंदाळ)

खरी गंमत इथं आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा राज्यभर याच नावानं ओळखला जातो. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं. पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढायचे. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, अशी ही रांग. अडलेल्या पाण्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं आणि त्याच्या मुळांत प्लास्टिक गुंततं. म्हणजे गोळा करायचं निम्मं काम नदीनं आधीच करून ठेवलेलं असतं. आपण ते उचलत नाही. मग बरगे निघतात, पहिलं पाणी येतं आणि सगळं पुढच्या गावाला.

हे शहर बदलत नाही, असं म्हणवत नाही. मूर्तिदानावरून, निर्माल्यावरून इथं किती वाद झाले! तरी आज गणपतीत नदीऐवजी इराणी खणीकडं, पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीकडं, मूर्ती जातात, घाटावर निर्माल्य वेगळं घेतलं जातं. रविवारी झाडू घेऊन उतरणारी माणसंही या शहरानं पाहिलीत. कायदाही आहे: राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ ची, देशभरात एकदाच वापरायच्या वस्तूंवरची १ जुलै २०२२ पासूनची. मंडईत ती कितपत दिसते, ते आपण रोज बघतोच.

तरी आमचं मत असं, की मोहिमा चुकीच्या महिन्यात होतात. सप्टेंबरात, समुद्रकिनारा स्वच्छता दिनाच्या सुमाराला, फोटो भरपूर निघतात; तोवर उन्हाळ्याचा साठा वाहून गेलेला असतो. काम मे महिन्यात आहे. पेठापेठांतल्या तालमी, तरुण मंडळं पुरात रात्रभर राबतात. त्यांच्यासाठी हे काम काही अवघड नाही.

फक्त सगळं एकाच पोत्यात कोंबू नका. बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या भंगारात विकल्या जातात, म्हणून कचरा वेचणाऱ्या बायका त्या उचलतात. वेफर्सची चकचकीत पाकिटं, पाऊच कुणी घेत नाही. ती वेगळी. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा. नखाएवढा तो तुकडा वेचायला कुणी थांबत नाही, थेट गटारात जातो.

बरगे कधी निघणार, ती तारीख पाटबंधारे खात्याकडं विचारून घ्यायची आणि त्याच्या अलीकडचा रविवार धरायचा.