क्लिंगेनथालची पाती

तलवार आपण धारेकडून बघतो. फ्रान्सच्या राजाच्या अंगरक्षकाची ही तलवार मात्र पाठीकडून, पात्याच्या बोथट कडेकडून बघा. मुठीजवळ बारीक, वळणदार अक्षरांत एक ओळ कोरली आहे : राजाचा कारखाना, क्लिंगेनथाल. पुढे महिना आणि साल.

फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळ, आल्सास प्रांतात, व्होज डोंगररांगेच्या पायथ्याशी हे खेडं आहे. चांगल्या पात्यांसाठी फ्रेंच फौज जर्मन मुलखातल्या झोलिंगेनकडे बघायची. लढाई पेटली की पुरवठ्याची धाकधूक. म्हणून १७३० मध्ये पंधराव्या लुईने इथे कारखान्याला परवाना दिला आणि झोलिंगेनचे कारागीरच आणून वसवले. राजाच्या अंगरक्षकांची पाती घडवणारे हात असे जर्मन बोलणाऱ्यांचे होते.

एन नदीच्या पाण्यावर मोठे हातोडे चालत. कांब तापवून ठोकायची, लांबवायची, तिच्यात पन्हळी पाडायच्या. वजन घटतं, ताठपणा राहतो. मग पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करून कणखर करणं. ते चुकलं तर पातं वाकलेलंच राहतं, नाहीतर काचेसारखं तडकतं. तपासनीस ते वाकवून, आपटून बघे आणि मगच आपला ठसा मारी.

मानाच्या पात्यांना रंग चढे, तोही रंगाशिवाय. पोलाद सावकाश तापवलं की आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळं आणि ३०० अंशांच्या आसपास गर्द निळं होतं. जरा उशीर झाला की निळाई गेलीच. सोन्यासाठी पाऱ्यात कालवलेलं सोनं फासून पारा आगीवर उडवत. ती विषारी वाफ मुलामा देणाऱ्याच्या छातीत जाई. संग्रहालयातल्या चिठ्ठीवर हे क्वचितच लिहिलेलं असतं.

फ्रेंच राज्यक्रांतीत राजाचं अंगरक्षक दल मोडलं. राजचिन्हं कानशीने घासून काढली गेली. पाठीवरची ओळही बदलली : आधी ‘राष्ट्राचा कारखाना’, नेपोलियनच्या काळात ‘सम्राटाचा’. १८१४ मध्ये अठरावा लुई परतला, दल पुन्हा उभं राहिलं, पितळी परजेवर, म्हणजे मुठीच्या हात राखणाऱ्या भागावर, मुकुटाखाली राजघराण्याचं चिन्ह असलेली लिलीची तीन फुलं आली आणि ओळ पुन्हा ‘राजाचा’ झाली. सोळा वर्षांनी, १८३० च्या क्रांतीत, हे दल कायमचं गेलं. पाती घडवण्याचं सरकारी कामही तोवर सीमेपासून लांब, पश्चिम फ्रान्समधल्या शातेल्रोला हलू लागलं होतं.

जुनी तलवार पारखणारे म्हणूनच चकाकत्या मुठीवर भाळत नाहीत. परजेवर लिलीची फुलं आणि पाठीवर ‘सम्राटाचा कारखाना’ असेल, तर पातं आणि मूठ एकत्र कधी आली, हा पहिला प्रश्न.