गुठळी होऊन गेल्यावर हार्मोन

(ट्रान्स व्यक्तींसाठीच्या आरोग्य शिबिरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ट्रान्स स्त्रीच्या पायाच्या शिरेत एकदा रक्ताची गुठळी होऊन गेली की हार्मोनचा विषय कायमचा संपला, असं पुष्कळ डॉक्टर आजही एका वाक्यात सांगून मोकळे होतात. ते ऐकून पेशंट हार्मोन सोडत नाही, डॉक्टर सोडते. आणि गल्लीतल्या मेडिकलवरून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणते. आज मला मुख्यतः त्या पाकिटाबद्दलच बोलायचंय.

माला-डीच्या एका गोळीत 0.03 मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्रॅडिऑल, म्हणजे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन), असतं. दिवसाला एक, एवढाच तिचा हिशोब. छाती लवकर भरावी म्हणून काहीजणी चार-पाच घेतात. गुरूने सांगितलं म्हणून, मैत्रिणीला फरक पडला म्हणून. हे एथिनिल शरीरातल्या एस्ट्रॅडिऑलपेक्षा वेगळं रसायन आहे. यकृतात ते सहजासहजी मोडत नाही, आणि त्याच्या प्रभावाखाली यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या क्लिनिकमध्ये पूर्वी हेच औषध सर्रास देत. त्यांचीच 1997 ची पाहणी आहे: ट्रान्स स्त्रियांमध्ये गुठळ्यांचं प्रमाण अपेक्षेच्या सुमारे वीसपट निघालं. चाळिशीपुढच्या पेशंटना त्वचेवरून एस्ट्रॅडिऑल द्यायला लागल्यावर नव्या केसेस कमी झाल्या.

त्यात आणखी एक मेख आहे. रक्तातलं एस्ट्रॅडिऑल मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीत एथिनिल दिसतच नाही. आकडा कमी येतो, डॉक्टरला वाटतं डोस पुरत नाही, आणि तो वर आणखी औषध लिहून देतो. म्हणून घेत असाल ते सांगा. बोलणी खावी लागली तरी सांगा.

आता जिला खरोखर गुठळी होऊन गेलीय तिचं काय? आधी विचारायचं, ती झाली कशी. गाडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा झाली असेल, तर ते कारण आता उरलेलं नाही. काहीच कारण नसताना झाली, किंवा आई-भावालाही झालेली आहे, तर रक्ताच्या तपासण्या करूनच पुढे जायचं. अँटिफॉस्फोलिपिडचा दोष (शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे रक्त गोठण्याचा) निघाला तर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. वॉरफरिन ही जुनी गोळी घ्यायची आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करत राहायचं.

मग हार्मोन घेण्याचा मार्ग. गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते. एस्ट्रॅडिऑलचं जेल कातडीतून थेट रक्तात उतरतं. फ्रान्समधल्या ईस्थर अभ्यासात, 2007 साली, पाळी गेलेल्या बायकांमध्ये इस्ट्रोजेन तोंडावाटे घेणाऱ्यांना गुठळीचा धोका सुमारे चौपट दिसला; कातडीवरून घेणाऱ्यांना तो वाढलेला नव्हता. त्या ट्रान्स स्त्रिया नव्हत्या हे मान्य, पण यकृत सगळ्यांचं सारखंच. डब्ल्यूपाथ या ट्रान्स आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेच्या 2022 च्या सूचनाही धोका जास्त असलेल्यांना कातडीचाच मार्ग सुचवतात. जेल दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं, वाळेपर्यंत कपडा घालायचा नाही, हात धुवायचे, आणि त्या दंडाला घरातल्या लेकराने गाल घासू नये एवढं बघायचं. रक्त पातळ ठेवणारी गोळी सोबत चालू राहू शकते. ती बंद करायची वेळ आली की मात्र आपण इस्ट्रोजेन घेतो हे त्या डॉक्टरला ठाऊक असलं पाहिजे. आणि सिगारेट सोडा, त्यावर मी वेगळं भाषण देत नाही.

ऑपरेशनच्या आधी दोन ते चार आठवडे इस्ट्रोजेन सरसकट बंद करायची पद्धत होती. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या 2021 च्या पाहणीत, बंद करणाऱ्या आणि चालू ठेवणाऱ्या पेशंटमध्ये गुठळ्यांचा फरक आढळला नाही. पण आधी गुठळी झालेलीने एवढ्यावर विसंबू नये. योनी घडवण्याचं ऑपरेशन पाय वर बांधून कित्येक तास चालतं, नंतर आत भरलेला कापडी बोळा (पॅकिंग) असेतो बरेचदा अंथरुणावरच पडून राहावं लागतं. पोटरीत रक्त तुंबायला याहून सोयीची परिस्थिती नाही. पाय दाबणारे हवेचे पट्टे, पोटावर रक्त गोठणं रोखणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं, परवानगी मिळताच चालणं, हे ठरलेलं. हेपरिन जास्त झालं तर जखम वाहते, कमी पडलं तर गुठळी. म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी आधी एकमेकांशी बोललंच पाहिजे.

काहीजणींसाठी आधी फक्त वृषणं काढण्याचं छोटं ऑपरेशन बरं पडतं. मग टेस्टोस्टेरॉन दाबायची औषधं लागत नाहीत, इस्ट्रोजेनही बहुधा कमी पुरतं. मात्र त्यानंतर हार्मोन पूर्ण तोडला तर हाडं ठिसूळ होतात. निर्वाण झालेलीला, म्हणजे वृषणं काढून घेतलेलीला, ‘गुठळी झालीय, सगळं बंद’ असं सांगणारा डॉक्टर तिला दुसऱ्या आजारात ढकलतोय.

ट्रान्स पुरुषांपुरतं थोडक्यात: टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकतं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांच्या वर गेलं तर डोस थांबवून डॉक्टरला गाठायचं.

एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम लागली, तर त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर थेट कॅज्युअल्टी. आणि पूर्वीच्या गुठळीचे कागद, डॉपलरचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं घेऊन या. त्यावर जुनं नाव आहे म्हणून पुष्कळजणी ते फाडून टाकतात. फाडू नका, फाइलवर नाव आम्ही नवंच लिहू, आतले कागद तेवढे आम्हाला लागतात.