कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. कोकण, मुंबई किंवा गोव्यातल्या संग्रहालयाच्या कपाटातून जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकात उतरवण्यासाठी बाहेर काढलीत, की आधी तिच्या पारदर्शक खिडकीतून आत बघा. गुळगुळीत काळ्या रिळावर पांढरट ठिपके किंवा भुकटी दिसली, तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते.

अशी कॅसेट ‘चालते का बघू’ म्हणून व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. बुरशीने चिकटलेली फीत तिथेच फाटते, आणि बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसून पुढच्या कॅसेटींनाही लागते. ती वेगळी ठेवा, कोरड्या खोलीत पूर्ण वाळू द्या. ओली बुरशी पुसली तर पसरते, वाळलेली सुटून येते. मग मास्क आणि हातमोजे घालून तळाचे पाच स्क्रू काढा, रिळं बाहेर घ्या, न सुटणाऱ्या धाग्यांच्या मऊ कापडातून फीत हळूहळू फिरवा. त्यासाठी वेगळं यंत्र ठेवा, कॅसेट संगणकात उतरवायचा व्हीसीआर नको.

चांगल्या कॅसेटचीही तयारी लागतेच. पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, फितीचा ताण सारखा होतो.

हेड साफ करताना कापसाची काडी वापरू नका. तिचे धागे हेडच्या फटीत अडकतात. शॅमॉय नावाच्या मऊ चामड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ते हेड बसवलेल्या गोल ड्रमला अलगद टेकवून स्थिर धरा आणि ड्रम वरून बोटाने फिरवा. चामडं वरखाली घासलं तर हेडचं टोक तुटतं, आणि आज नवं हेड मिळणं फार अवघड आहे.

आता जोडणी. व्हीसीआरला एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळे नेणारी जोडणी) असेल तर तीच वायर वापरा. जुन्या फितीतून सिग्नल डळमळत येतो. स्वस्त यूएसबी उपकरण अशा वेळी फ्रेम गाळतं, आणि तासाभरात ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. म्हणून मध्ये सिग्नल स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर हवाच, खर्चात काटकसर करायची तर ती दुसरीकडे करा.

संगणकातली मूळ प्रत पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, १० बिट, इंटरलेस्ड (एकाआड एक रेघांची) तशीच ठेवा. चित्राच्या खालच्या कडेची थरथरणारी रेघही कापू नका. एफएफव्ही१ या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत, काहीच गमावलं जात नाही. न दाबलेल्या चित्राला तासाला सुमारे १०० जीबी लागतात, एफएफव्ही१मध्ये साधारण निम्मी. पाहण्यासाठी एमपी४ नंतर वेगळी बनवा. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) नोंदवा, तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

डब्यावरच्या हस्ताक्षराचा फोटोही काढा: तारीख, गाव, कलाकार कोण हे पुष्कळदा तेवढ्यावरूनच कळतं. आणि काम झालं म्हणून कॅसेट टाकून देऊ नका. फीत पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.