आन्यो नुएवोचे एलिफंट सील

हा जो आवाज येतोय ना, थंडीत बुलेट स्टार्ट करताना येतो तसा, तो नर एलिफंट सीलचा, म्हणजे सोंडेसारख्या नाकाच्या अवाढव्य समुद्री प्राण्याचा. आपण आहोत कॅलिफोर्नियात, आन्यो नुएवो स्टेट पार्कला, हाफ मून बे आणि सांताक्रूझच्या मधे, हायवे वनला लागूनच. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्यांनो, डिसेंबर-जानेवारीत भारतातून पाहुणे आले की गोल्डन गेट नंतर दाखवा, आधी इथे आणा. फक्त बुकिंग करून या, कारण १५ डिसेंबर ते ३१ मार्च गाईडशिवाय सील बघायला सोडत नाहीत.

समोर लोळतोय तो नर दोन टनांचा तरी असेल. एकदा किनाऱ्यावर आला की तीन-तीन महिने पोटात काही नाही, नुसत्या माद्या राखायच्या आणि दुसरा नर जवळ आला की छातीला छाती भिडवायची. सगळ्यांचे कॅमेरे तिकडेच. पण मला विचाराल तर बघायची ती पिल्लं. जन्मतात तेव्हा तीस-पस्तीस किलोची, मग महिनाभर आईचं दूध, त्यात निम्म्याहून जास्त फॅट, त्यामुळे वजन जातं सव्वाशेच्या आसपास, आणि आई तोवर स्वतः उपाशी. मग ती एक दिवस सरळ समुद्रात निघून जाते, पोहायला शिकवणं वगैरे काही नाही. पिल्लं मागे उरतात, अंगातल्या चरबीवर जगतात आणि उथळ पाण्यात धडपडत आपलं आपणच शिकतात. हीच मोठी झाली की पाचशे मीटर खोल बुड्या मारतात, तेही वीस-वीस मिनिटं श्वास रोखून!

एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी यांना इतकं मारलं की मेक्सिकोच्या ग्वाडालूप बेटावर जेमतेम काही उरले, आज दिसतात ते सगळे त्यांचेच वंशज. १९२२ ला मेक्सिकोने शिकारबंदी केली, नंतर अमेरिकेनेही. १९५५ ला ते त्या समोरच्या बेटावर दिसले, १९६१ ला तिथे पिल्लं झाली, आणि बेटावर जागा पुरेना तसे इकडे आले, या किनाऱ्यावरचं पहिलं पिल्लू १९७५ चं. बेटावर ते पडकं घर दिसतंय? लाइटहाऊसवाल्यांचं. १९४८ ला माणसं गेली, आता तिथे सी लायन आणि पाणकावळे राहतात, भाडं न देता.

हिवाळा हुकला तरी या. एप्रिल-मेमध्ये माद्या कात टाकायला परत येतात, केसांसकट कातडीचे पापुद्रे निघत असतात, दिसायला कळकट आणि वास तर विचारूच नका, पण तेव्हा गाईड लागत नाही, पार्कमधून परमिट घेतलं की झालं.