रंग शेवटी, सील आधी: पार्किंगमधल्या आरएक्स 100 ची उभारणी

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग, पहाट. ताडपत्री हळूच बाजूला होते.)

पुण्यात पेठांमधल्या जुन्या इमारतींखाली, कोथरूडच्या सोसायट्यांत, अजूनही एखादी ताडपत्री अशी असते की तिच्याखाली यामाहा आरएक्स 100 निघते. टायर बसलेले, टाकीचं झाकण गंजून चिकटलेलं. 1985 ते 1996 या काळात भारतात बनलेली ही टू-स्ट्रोक गाडी. 98 सीसी, 50 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 50 मिलिमीटरचाच स्ट्रोक (पिस्टनची धाव), 11 हॉर्सपॉवर, आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. ती आजही का हवीहवीशी वाटते, याचं उत्तर या आकड्यांतच आहे.

अशी गाडी हाती आली की पहिली धाव असते पेंटरकडे. टाकी चकाचक होते, मडगार्डला क्रोम चढतो, आणि महिनाभरात घाटात पिस्टन जाम होतो. दोष पेंटरचा नाही. क्रम चुकलेला असतो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा क्रँक ज्यात फिरतो तो बंद डबा, हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते, रीडच्या पात्या (एकाच दिशेने उघडणारी झडप) उघडतात आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे भिंतीतल्या वाटांमधून, सिलिंडरमध्ये चढतं. ऑइलही याच वाटेने येतं. म्हणजे केसला कुठेही फट पडली, तर मोजमापाबाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि बोअर धरतो.

ही फट बहुतेक वेळा क्रँकच्या दोन सीलपाशी, म्हणजे त्याच्या दोन टोकांभोवतीच्या रबरी कड्यांपाशी असते. पंधरा-वीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत रबर कडक होतं, सीलची ओठासारखी कड क्रँकला नीट टेकत नाही. डावं सील मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या फिरत्या चुंबकाच्या) बाजूचं. ते गेलं की कोरडी हवा आत येते. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, आयडलिंग कधी वर कधी खाली जातं. उजवं सील क्लचच्या बाजूचं. ते गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं: पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं, पण खाली जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. धूर दिसला की अनेकजण टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) कमी करतात. ही मोठी चूक आहे, कारण मग दुखणं सीलचं राहतं आणि मार पिस्टनला बसतो.

(दृश्य: स्क्रूच्या डोक्याचा क्लोजअप. अधिकच्या खुणेशेजारी एक बारीक ठिपका.)

इंजिन खोलायच्या आधी हा ठिपका पाहा. हे जेआयएस म्हणजे जपानी मापाचे स्क्रू. दिसायला नेहमीच्या स्टार स्क्रूसारखेच, पण खाचेचा आकार वेगळा. साधा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच गोल करून ठेवतो. जेआयएस बिट घ्या, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचा एकच नेमका ठोका द्या. मॅग्नेट काढायला त्याचाच पुलर (ओढून काढायचं अवजार) हवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर केसच्या अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पडतो, आणि पुढे तीच नवी फट होते. जोडावरचं जुनं पॅकिंगही ब्लेडने खरवडू नये. थिनरने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढावं.

सुटे भाग नाना पेठेत मिळतात. जुनं सील सोबत न्यावं आणि त्यावर छापलेलं माप नव्याशी ताडून पाहावं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात साइड पॅनल, मीटरची खोकी, लिव्हर असं बरंच काही हाती लागतं. पण तिथून रबराची एकही वस्तू घेऊ नये. सील, मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारा रबरी भाग), पेट्रोलची नळी: हे सगळं नवंच हवं. इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं किंवा चिरतं.

क्रँक लेथवाल्याकडे गेला की दोन गोष्टी मागाव्यात. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहायचा: बाजूला थोडी मोकळीक चालते, उभी अजिबात नाही. आणि क्रँक डायलखाली (वाकडेपणा मोजणाऱ्या काट्याखाली) फिरवायचा: काटा 0.03 मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे.

बोअरिंगचं (सिलिंडर आतून मोठा करायचं) काम पिस्टन हातात आल्याशिवाय सुरू करू देऊ नका. डब्यावर 0.50 ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा) लिहिलेलं असलं तरी आतला पिस्टन मायक्रोमीटरखाली थोडा वेगळा भरू शकतो. त्याच पिस्टनच्या स्कर्टचं, म्हणजे खालच्या भागाचं, माप घेऊन बोअर साधारण 0.04 ते 0.05 मिलिमीटर मोठा ठेवायचा. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) झालं की पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. धार लागली तर काम अर्धवट आहे. त्या कडा बारीक घासून मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या दिशेला, आणि रिंगची दोन्ही टोकं खोबणीतल्या पिनवर.

(दृश्य: इंजिन बेंचवर. शेजारी रक्तदाब मोजायचं यंत्र.)

आता या सगळ्या कामाची परीक्षा. त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. बीपी मोजायचं काट्याचं यंत्र पुरतं: डायल, नळी आणि रबरी फुगा. त्याच्या डायलवरचे 300 म्हणजे सुमारे 5.8 पीएसआय (टायरची हवा मोजतात ते एकक), आणि या चाचणीला तेवढाच दाब हवा असतो. त्याहून फार जास्त दाब दिला तर सील जागेवरून सरकू शकतं.

सायलेन्सरच्या तोंडावर रबराचा तुकडा ठेवून वरून पत्र्याची पट्टी नटांनी आवळा. ऑइल पंपाची नळी बंद करा. प्लग जागेवर असू द्या, पिस्टन अगदी खाली आणा. कार्बोरेटरच्या जागी, मॅनिफोल्डच्या रबरात नायलॉनचा गोल बूच बसवून त्यातून नळी आत घ्या आणि क्लॅम्प आवळा. काहीजण प्लगच्या भोकातून हवा भरतात. त्यात अडचण अशी की आतून दाब आला की रीड मिटतात, आणि मॅनिफोल्डची तपासणीच होत नाही. आणि चिरा तर नेमक्या मॅनिफोल्डलाच पडतात.

फुगा दाबत काटा 300 वर आणा, घड्याळ लावा. काटा मिनिटाला 50 पेक्षा जास्त उतरला तर इंजिन नापास. नव्याने बांधलेल्या इंजिनाकडून जास्त अपेक्षा ठेवावी: सहा मिनिटांत काटा 250 च्या खाली जाता कामा नये. उतरलाच, तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, हेड, मॅनिफोल्ड, मॅग्नेटमागचं सील. फट असेल तिथे बुडबुडे वर येतात, अगदी मुंगीच्या डोक्याएवढे, पण एकापाठोपाठ एक. उजव्या सीलसाठी गिअर ऑइल भरायचं झाकण उघडून भोकाला कान लावा. बारीक फुसफूस ऐकू आली तर क्लच पुन्हा खोलायचा. कंटाळा येतो, पण इथे दुसरा मार्ग नाही.

1983 साली राजदूत नावाने आलेल्या आरडी 350 मध्ये हेच काम दुपटीने कठीण होतं. दोन सिलिंडर, 347 सीसी, आणि दोन्ही क्रँकच्या मधोमध आणखी एक सील. ते बदलायचं तर जोडलेला क्रँक प्रेसवर सुटा करून पुन्हा सरळ रेषेत आणावा लागतो. हे काम अनुभवी हातांकडेच द्यावं.

टाकीचं काम त्यामानाने सोपं आहे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड लिटरला 100 ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला एक किलो. गरम पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका, ते पत्रा आणि जोड दोन्ही खातं. सकाळी ते पाणी ओतून टाका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवा. पुण्याच्या पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर काही मिनिटांत पुन्हा तांबूस झाक येते, म्हणून वाळल्याबरोबर आत टू-टी ऑइल घोळवून ठेवायचं. त्यानंतर टाकी रंगायला द्या.

एक कागदी बाब. चॅसिस आणि इंजिनचा नंबर सँडब्लास्टिंगच्या (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढण्याच्या) आधी टेपने झाका. ही गाडी 50 वर्षांची नसल्याने व्हिंटेज नोंदणीत बसत नाही. दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण करावं लागतं, आणि तिथे तो नंबर वाचता यावा लागतो.

(दृश्य: पहिली किक. निळसर धूर, मग स्थिर आवाज.)

पहिल्या टाकीला ऑइल पंप चालू असला तरी पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिलिलिटर टू-टी मिसळा. पंपातली हवा आधीच काढलेली असली पाहिजे. इंजिन सुरू करा, सिलिंडर हाताला गरम लागला की बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. असं तीनदा. मग गार इंजिनावर हेडचे नट तिरक्या क्रमाने तपासा.

कात्रजचा घाट पहिल्या 500 किलोमीटरनंतर. चढताना इंजिन दमवू नका, आणि उतारावर त्याहून जास्त जपा: रेस बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडली की पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही आटतं आणि पिस्टन कोरडा धावतो. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.

परत आल्यावर गिअर ऑइल मोजपात्रात काढा. भरताना किती ओतलं होतं, तो आकडा तेव्हाच भिंतीवर खडूने लिहून ठेवलेला असावा. पात्रातल्या रेषेशी तो जुळवून पाहा: कमी भरलं तर संशय पुन्हा उजव्या सीलवर.