वीतभर हात आणि पियानोची पट्टी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापुरात मापाची चप्पल करून घ्यायची तर कारागीर आधी कागदावर पाय ठेवायला सांगतो. पेन्सिल फिरवतो, मगच कातड्याला हात घालतो. पियानोच्या बाबतीत मात्र उलटं. पट्ट्या ठरलेल्या, हातानं जमवून घ्यायचं.

माझ्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी शिकते. सूर पक्का, लय पक्की. पण डाव्या हातानं सा आणि वरचा सा एकदम दाबायची वेळ आली की करंगळी पट्टीच्या कडेला कशीबशी टेकते, मनगट लाकडासारखं ताठ होतं. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझा हातच चांगला नाही."

मी मोजपट्टी घेऊन तिची वीत मोजली. ताणून साडेअठरा सेंटिमीटर. पियानोवर सा ते वरचा सा हे अंतर, पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत, सुमारे साडेसोळा; वर बोटांची रुंदी. म्हणजे सगळा हात ताणल्यावर कसंबसं पोचायचं. मग सैलपणा कुठून येणार?

पट्ट्यांचं हे माप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्कं झालं. मोझार्टच्या काळातल्या पट्ट्या किंचित अरुंद होत्या. पियानोवादकांच्या हातांची मोजमापं झाली आहेत: पुरुषांची वीत सरासरी साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास, बायकांची वीस. पोलंडमधल्या वॉर्सातली शोपँ ही पियानोवादनाची नामांकित स्पर्धा १९६५ मध्ये मार्था आर्गेरिचनं जिंकली, त्यानंतर पुढची स्त्री विजेती थेट २०१० मध्ये. सगळा दोष पट्ट्यांचा असं मी म्हणणार नाही. पण योसेफ हॉफमनसारख्या नामांकित वादकाचे हात लहान होते, तर स्टाइनवे या पियानो बनवणाऱ्या कंपनीनं त्याच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो करून दिले! आज अमेरिकेत चौदा आणि सव्वापंधरा सेंटिमीटर सप्तकाचे कीबोर्डही बनतात. आपल्याकडे शिकणाऱ्या पोरीला ते कुठून मिळणार?

गोविंदराव टेंब्यांच्या या गावात पेटी पुष्कळ घरांत आहे, पण तिथे एक हात भात्यावर असतो आणि दुसऱ्यानं बहुतेक एकेक सूर चालतो. म्हणून हा प्रश्न आपल्या फारसा ध्यानात आला नाही.

त्या मुलीला मी दोन्ही सा एकदम दाबायचे सोडून एकामागोमाग वाजवायला शिकवलं. काही ठिकाणी वरचा सा उजव्या हाताकडे दिला. मनगट सैल झालं.

तुमच्या घरी कुणी पियानो शिकत असेल, तर आज त्याची वीत मोजा आणि तो आकडा शिक्षकांना सांगा. हात दुखतो म्हणालं, तर त्या दिवशी वाजवणं तिथेच थांबवा.