द्वारका चौक, रांगोळी आणि 3.81

(द्वारका, उड्डाणपुलावरून)

संध्याकाळचे साडेसहा. नाशिककरांना हा चौक वेगळा सांगायला नको. रिक्षा, टेम्पो, मधेच एक बस आडवी घुसलेली, सगळे हॉर्न वाजवतायत आणि हलत कोणीच नाही. जागा संपली की गाड्या अडकतात, साधा हिशोब. हा हिशोब लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तो मोडणारे.

(पातेल्यातली साय, जवळून)

दूध गार झालं की साय धरते, चमच्याने जरा ओढली की सुरकुत्या पडतात. 1980 मध्ये जीवशास्त्रज्ञ अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास हेच केलं, फक्त सायीच्या जागी सिलिकॉन रबराचा पातळ पापुद्रा आणि चमच्याच्या जागी जिवंत पेशी. पेशी सरकल्या, पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. म्हणजे पेशी नुसती वाहत जात नाही, ती पुढे पसरते, खालचं घट्ट धरते आणि स्वतःला ओढून घेते. वेग म्हणाल तर बऱ्याच पेशींचा तासाला दहा-वीस मायक्रॉन, एक केस ओलांडायला काही तास.

(हॉल, रांगोळी, वरून)

ही रांगोळी कॉलेजच्या पोरींनी सकाळी काढलीय. बहुतेक षटकोन, एकमेकांना खेटून, मधे फट नाही. आपल्या कातडीत, श्वासनळीच्या अस्तरात पेशी साधारण अशाच खेटून असतात. द्वारकाच्या हिशोबाने या कायम अडकलेल्या पाहिजेत ना? पण तसं होत नाही. तोच थर कधी गप्प गोठून बसतो तर कधी काकवीसारखा वाहतो, आणि मधे फट दोन्ही वेळेला नसतेच.

मग फरक कुठे? आकारात. इथे आम्ही दोरा घेतला. प्रत्येक आकृतीचं क्षेत्रफळ सारखंच ठेवलं, 1600 चौरस सेंटीमीटर, त्याचं वर्गमूळ 40. षटकोनाच्या कडेला दोरा लागला 149 सेंटीमीटर. भागिले 40, आले 3.72. पंचकोनाला साडेतीन सेंटीमीटर दोरा जास्त, 3.81. आणि कोपऱ्यातली ही लांबुळकी, वाकडी (हिच्यावरून दोघींचं भांडण झालं होतं), हिला 168, म्हणजे 4.2.

2015 मध्ये दापेंग बी, लिसा मॅनिंग या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती मॉडेलमध्ये दाखवलं की या आकड्याची सीमा 3.81 च्या आसपास आहे. खाली असेल तर थर घट्ट, कारण शेजारी बदलायचा तर आधी कडा ताणावी लागते आणि त्याला जोर लागतो. वर गेला की कड मुळातच ऐसपैस, सैल झब्बा घातल्यासारखी, हात हलवायला शिवण आड येत नाही. गंमत म्हणजे पेशी एकमेकींना जास्त चिकटल्या तर जास्त अडकतील असं आपल्याला वाटतं, मॉडेल उलटं सांगतं: चिकटायची ओढ वाढली की सामाईक कड लांबते आणि थर सैल होतो. त्याच वर्षी दम्याच्या पेशंटच्या श्वासनळीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून बघितल्या, त्या निरोगी पेशींपेक्षा जास्त वेळ वाहत्या राहिल्या, आणि हाच आकडा तिथेही जुळला.

अकरावीत बायोलॉजी घेतलं की पोरं म्हणतात फिजिक्सचं टेन्शन संपलं. त्यांना हा दोरा दाखवा.

(दोरा हातात, सावकाश)

कॅन्सरच्या गाठीतही आता हे तपासतायत, काही गाठींत घट्ट थर सैल होतो आणि पेशींची टोळीच बाहेर सरकते, पुढे दाट जाळीतून घुसताना बहुतेक वेळा अडतं ते केंद्रक, पेशीतला सगळ्यात ताठ भाग. कॅन्सरने जीव जातो तो जास्त करून असा पसरल्यामुळेच.

(हॉल, संध्याकाळ, झाडू)

मावशी झाडायला आल्यात. षटकोन आधी गेले. कोपऱ्यातली वाकडी अजून आहे, तिच्यावर दोरा तसाच पडलाय.